परवाना बंदुकीचा आहे, कारखान्याचा नाही

गेल्या आठवड्यात केळापूर तालुक्यातील माझ्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश मला पाठवला आणि लगेच फोन करून विचारले, "काकाजी, काडतुसे भरायचे यंत्र मागवू का?" टिपेश्वरच्या जंगलालगत त्याचे शेत आहे. तुरीत रानडुक्कर आणि हरभऱ्यात रोही (नीलगाय) हे त्याचे नेहमीचेच दुखणे असून पीकसंरक्षणासाठी परवाना असलेली बारा बोअरची बंदूक त्याच्या घरी आहे. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: परवानाधारकाने काडतुसे घरी भरणे कायदेशीर आहे, अमेरिकेत सगळेच भरतात, आपले आजोबाही भरत असत, खर्च निम्म्यावर येतो, आणि बंदुकीची दारू मिळाली नाही तर फटाक्यांची दारू चमच्याने मोजून घातली तरी चालते. पुतण्याने उडवलेल्या काडतुसांच्या आठ रिकाम्या पुंगळ्या धुऊन वाळतही घातल्या होत्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

चमच्यापासूनच सुरुवात करतो, कारण हात आणि डोळे जाणार आहेत ते तिथेच. आजच्या काडतुसात नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू असते. तिच्या दाण्यांचा आकार आणि त्यांवरचा लेप असा ठरवलेला असतो की ती क्षणार्धात, तरीही क्रमाक्रमाने जळते आणि छर्ऱ्यांना नळीतून पुढे ढकलत नेते. सुतळी बॉम्बमधील ॲल्युमिनियमयुक्त दारू मुळात ढकलण्यासाठी नव्हे, तर फुटण्यासाठी केलेली असते. ती बंदुकीत घातली की नळी आणि घोडा धरणाऱ्याची बोटे यांत ती भेद करत नाही. क्लोरेट आणि गंधक एकत्र आलेले मिश्रण तर नुसत्या घासण्यानेही पेट घेते. बंदुकीची खरी दारूही ग्रेनमध्ये तोलतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. चहाच्या चमच्याला हा हिशेब कसा कळावा? दारू जास्त झाली तर नळी फाटते हे सर्वांना पटते, पण कमी झाली तर दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच नळीतच अडकते आणि पुढचा बार त्याच्यावर जाऊन आदळतो, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावे. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, जिथे प्रशिक्षित माणसे नियम पाळून काम करतात, तिथेही २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. आणि आपण हे काम चुलीशेजारी, लेकराबाळांत करायचे!

आता कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये बंदूक बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली येतो, तर शस्त्रे व दारूगोळा तयार करण्याचा परवाना कलम ५ खाली, आणि पुतण्याकडे आहे तो पहिला. "जुनी पुंगळी पुन्हा भरणे म्हणजे नवे काडतूस तयार करणे नव्हे" असा शब्दच्छल संदेशात केला आहे. त्यासाठी कलम २ मधील 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्याच वाचावी. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री या दोहोंचा तिच्यात स्पष्ट समावेश आहे. म्हणजे टोपी (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी पाडून दारू पेटवणारी) आणि काडतूस भरण्याचे यंत्र या वस्तू कुरिअरने मागवून पाहाव्यात अशा नाहीत. कलम ५ मोडून दारूगोळा तयार करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

आजोबांचा दाखला अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू आणि छर्रे वरून ठासत असत, कारण त्या बंदुकीला काडतूसच नव्हते. काळ्या दारूचे माप धूरविरहित दारूला लावले तर नळीतील दाब किती तरी पटींनी वाढतो, त्यामुळे आजोबांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत हा छंद आहे हेही खरे. मात्र तिथल्या पुस्तकांत कोणती पुंगळी, कोणती टोपी, कोणती दारू, कोणते बूच आणि किती छर्रे हे जोडीने छापलेले असते आणि त्यातला एकही घटक परस्पर बदलू नये अशी ताकीद असते. 'मिळाली नाही तर फटाक्यांची' हा पर्याय त्यांपैकी कोणी दिलेला नाही.

खर्चाबद्दल फार बोलत नाही. काडतूस महाग आहे आणि दुकान दूर आहे, ही तक्रार रास्त आहे. पण जागलीवर रात्रभर बसणारा माणूस हंगामात काडतुसे उडवतो तरी किती?

शेवटी, संदेशाने एका शब्दानेही न सांगितलेली गोष्ट. काडतूस दुकानातले असो वा घरचे, रानडुकरावर किंवा रोहीवर ते झाडायचे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे वन विभागाची लेखी परवानगी लागते. पुतण्याने तो अर्ज अजून केलेला नाही. पीक नुकसानभरपाईचा अर्ज मात्र त्याने काल भरला.