रजनीकांतचं तिकीट कोणी काढलं?

दर 12 डिसेंबरला, रजनीकांतच्या वाढदिवशी, आमच्या कंडक्टर लोकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो. न शिकलेला साधा बस कंडक्टर, तिकिटं देताना एका दिग्दर्शकाच्या नजरेत भरला आणि रातोरात सुपरस्टार झाला, नशीब असावं तर असं! यंदा तो माझ्या भाच्यानंही पाठवला. पोरगं परभणीला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सोडून मुंबईला निघालंय. मी परभणी, जिंतूर, सेलू करत 19 वर्षं डबल बेल मारतोय. तेव्हा थोडं बोलतो.

बसमध्ये कुणाची नजर-बिजर पडली नाही. बेंगळुरूच्या सिटी बसवरचा शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच आपला रजनीकांत, 1973 मध्ये मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर अभिनय शिकायला गेला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला पाहिलं ते तिथं. घरात मराठी, बाहेर कन्नड. तमिळ शीक, असं त्यांनीच सांगितलं आणि गड्यानं ते मनावर घेतलं. म्हणजे भाचेबुवा, तो वर्ग सोडून पळाला नव्हता, वर्गात जाऊन बसला होता.

रातोरात म्हणाल तर ती रात्र तीन वर्षांची होती. 1975 च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये हिरो कमल हासन, रजनीच्या वाट्याला छोटं काम. पुढं 1977 च्या ‘16 वयदिनिले’मध्येही गावगुंडच. एकट्याच्या जोरावरचा हिरो तो 1978 च्या ‘भैरवी’त झाला आणि सुपरस्टार हे बिरूदही तेव्हाच चिकटलं. आमची मुक्कामी गाडीसुद्धा याहून लवकर पोचते.

आता ते ‘साधा कंडक्टर’. हे मला जास्त झोंबतं. बाजारच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. एक हात वरच्या दांडीला, नोटा बोटांच्या बेचक्यात, आणि समोर मिशी फुटलेलं पोरगं ‘अजून बारा पुरे नाहीत’ म्हणत हाफ तिकीट मागायलंय. हसू दाबून त्याला जन्मसाल विचारायचं, त्याच दमात मागच्या म्हातारीला उतरायचं गाव आलं म्हणून हाक मारायची, आणि आगारात आल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आणि रोकड पैशापैशाला जुळवायची. कमी पडले तर खिशातून. माणसांचे हावभाव वाचायची इतकी तालीम कोणत्या नाटक कंपनीत मिळते, सांगा बरं.

नशिबाचं म्हणाल, तर त्या नशिबाला खाकी ड्रेस होता. महिन्याचा बांधलेला पगार सोडून मद्रासला राहायचं तर खायचं काय? राज बहादूर नावाचा ड्रायव्हर, त्याच्याच बसवरचा जोडीदार. त्यानं ‘तू जा’ म्हटलं आणि आपल्या पगारातून पैसे पुरवले. 2021 मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना रजनीकांतनं बालचंदर, थोरला भाऊ सत्यनारायण आणि या ड्रायव्हरचं नाव घेतलं. मेसेजमध्ये मात्र ड्रायव्हर गायब.

काल जिंतूरच्या स्टँडवर चहा घेताना हे सगळं माझ्या ड्रायव्हरला वाचून दाखवलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

‘ते समदं ऱ्हाऊ दे. पैसे माघारी दिले का त्यानं?’