अवॉर्ड सीट नाही म्हणे!

"सहा दिवसांनंतरची अवॉर्ड सीट आहे, देऊ का?" हा एकच प्रश्न मी गेल्या आठवड्यात एका रात्रीत विमान कंपनीच्या फोनवर पाच वेळा ऐकला. अवॉर्ड सीट म्हणजे पैशांऐवजी मैलांवर, म्हणजे विमान कंपनीच्या बक्षीस पॉइंट्सवर, द्यायला ठेवलेली जागा. आज लिहितानासुद्धा डोकं तापतंय.

आई-बाबा तीन महिने आमच्याकडे जर्मनीत होते. शेंगेन व्हिसा, म्हणजे 180 दिवसांत 90 दिवस, वर एक दिवसही नाही. त्यांचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस चालू होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, युरोपातल्याच एका शहरात बदलून पुढे मुंबई. बॅगा वजन करून दाराशी लावल्या होत्या. संध्याकाळी साडेसहाला मेसेज आला, विमान रद्द. कारण काय, तर कर्मचारी कमी आहेत.

तिकिटं मैलांवर काढलेली. पुण्यातल्या भावाने पाच वर्षं किराणा, वीजबिल, बाबांच्या मोतीबिंदूचं बिल, सगळं एकाच क्रेडिट कार्डावर टाकून पॉइंट्स साठवले. ते एका विमान कंपनीच्या मैलांत वळवले (एकदा वळवले की परत कार्डावर येत नाहीत) आणि त्या मैलांवर तिच्या भागीदार कंपनीच्या विमानाची तिकिटं घेतली. वर कर आणि अधिभाराचे रोख पैसे मोजले ते वेगळेच. त्यामुळे फोनवरचा माणूस "फ्री तिकीट" म्हणाला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्री कसलं? पाच वर्षं साठवलेत ते पॉइंट्स!

मैलवाली कंपनी म्हणाली, आमच्याकडे अवॉर्ड सीट दिसत नाही, विमान ज्यांचं त्यांना विचारा. सकाळी सहाला विमानतळावर त्यांच्या काउंटरला गेलो. बाईंनी तिकीट नंबरचे पहिले तीन आकडे बघितले. त्या तीन आकड्यांवरून तिकीट कोणत्या कंपनीने दिलं ते कळतं. लगेच कागद माझ्याकडे सरकवला, "हे आमचं तिकीट नाही, ज्यांनी दिलं त्यांना फोन करा." मी म्हटलं, त्यांनीच तर तुमच्याकडे पाठवलंय. खांदे उडवले. दुपारी दुसऱ्या कंपनीचं आखातमार्गे मुंबईचं विमान होतं. बाईंच्या स्क्रीनवर त्याच्यापुढे नऊचा आकडा मला काचेतून दिसत होता. या लोकांच्या स्क्रीनवर नऊच्या पुढे आकडा जातच नाही, नऊ म्हणजे नऊ किंवा कितीही जास्त. नऊ जागा रिकाम्या, माणसं दोन, आणि उत्तर काय, तर "त्यात अवॉर्ड सीट नाही."

अहो, अवॉर्ड सीट मागतंय कोण? मी नवीन बुकिंग करायला आले नव्हते. तुम्ही तुमचं विमान रद्द केलंत, आता माझ्या माणसांना मुंबईला पोचवा, एवढंच. युरोपियन युनियनचा 261/2004 हा नियम याच प्रसंगासाठी आहे. युनियनमधून निघणाऱ्या प्रवाशाचं विमान रद्द झालं तर त्याला साधारण तशाच सोयीच्या दुसऱ्या प्रवासाने, लवकरात लवकर, मुक्कामी पोचवायचं. मैलांच्या योजनेतली तिकिटंही यात धरली आहेत, हे नियमाच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय. जबाबदारी विमान चालवणाऱ्या कंपनीची, तिकीट कुणीही दिलेलं असो. मी ते कलम फोनवर उघडून बाईंसमोर धरलं. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. व्हिसा उद्या संपतोय म्हटलं, तर "व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी." म्हणजे विमान यांनी रद्द करायचं आणि मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा डाग माझ्या सत्तरीतल्या वडिलांच्या पासपोर्टवर!

ॲपमध्ये तर सरळ सापळा आहे. वर मोठं हिरवं बटण, "मैल परत घ्या". ते दाबलं की यांची पोचवायची जबाबदारी संपली, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच दाबतो. पर्यायी विमान मागायची सोय कुठे आहे, ते शोधण्यात माझा अर्धा तास गेला. सापडली तेव्हा त्यात पुन्हा तीच सहा दिवसांनंतरची तारीख.

आई तिथे बाकावर बसली होती. प्रवासासाठी केलेल्या दशम्यांचा डबा मांडीवर तसाच. मला हळूच म्हणाली, "अगं, आपण पैसे भरून काढलं नाही म्हणून असं करतायत का? उगाच भांडू नकोस, लोक बघतायत." त्या वाक्याने मी जितकी चिडले तितकी काउंटरवरच्या बाईंवरही चिडले नव्हते. काही चूक नसलेल्या माणसाला आपणच अपराधी आहोत असं वाटायला लावतात हे लोक.

शेवटी अकरा वाजता मी खिशातून 1,340 युरो मोजून त्याच दुपारच्या विमानाची दोन तिकिटं घेतली. हो, त्याच नऊ जागांमधली.

काल मैलवाल्या कंपनीची मेल आली, "आपल्या विनंतीनुसार मैल परत जमा केले असून प्रकरण बंद करत आहोत." माझी विनंती? मी ते बटण दाबलेलंच नाही! रद्द झाल्याचा मेसेज, पाचही फोनच्या वेळा, स्क्रीनशॉट, पावत्या, सगळं जपून ठेवलंय. मैल हवे तर काढून घ्या परत. मला माझे 1,340 युरो हवेत, आणि ऐनवेळी विमान रद्द केल्याची नियमाप्रमाणे होणारी प्रत्येकी 600 युरो भरपाई आई-बाबांच्या नावावर हवी. आज सकाळीच दोन्ही कंपन्यांना लेखी पाठवलंय.