तांबट आळीतला कारागीर आणि ब्रांकुशीचा पक्षी

सप्रेम नमस्कार.

रुमानियन शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांच्या ‘अवकाशातील पक्षी’ या ब्राँझशिल्पावरील माझ्या लेखाविषयी आपण लिहिले आहे की, ही वस्तू म्हणजे नुसता चकाकणारा दांडा आहे, तिला ना चोच ना पंख, पुण्याच्या तांबट आळीतला कोणीही कारागीर ती दोन दिवसांत घडवून देईल, आणि साधेपणाचा शोध हे आळसाला दिलेले गोंडस नाव आहे. असल्या वस्तूला आपल्याकडे कोणी दारात तरी उभे केले असते का, असेही आपण शेवटी विचारले आहे. आक्षेप मोघम नाहीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आपला पहिला आक्षेप अमेरिकेतील न्यायालयात जवळजवळ याच शब्दांत घेतला गेला होता. ऑक्टोबर १९२६ मध्ये हा पक्षी पॅरिसहून न्यूयॉर्क बंदरात उतरला, तेव्हा मूळ शिल्पाला आयातशुल्क माफ असतानाही कस्टमच्या अधिकाऱ्यांनी त्याची नोंद स्वयंपाकघरातील भांडी व रुग्णालयातील साहित्य या सदरात केली आणि त्यावर ४० टक्के शुल्क लावले. तो विकत घेणारे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन साक्षीला उभे राहिले, तेव्हा हा पक्षी जंगलात दिसला असता तर तुम्ही त्याच्यावर गोळी झाडली असती का, असे त्यांना विचारण्यात आले. शिल्पकार जेकब एप्स्टाइन यांना तर थेट आपलाच प्रश्न आला: कानस आणि पॉलिशची हत्यारे घेतलेला उत्तम मेकॅनिक हे करू शकणार नाही काय? तो पॉलिश करील, पण ही वस्तू त्याला सुचणार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. २६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल ब्रांकुशींच्या बाजूने लागला.

एप्स्टाइन यांच्या उत्तरातला तोरा मला स्वतःला रुचत नाही. सुचणे ही काही शिल्पकारांची मक्तेदारी नव्हे, आणि तांबटांच्या हाताविषयी मला आपल्याइतकाच आदर आहे. पण त्यांचेच काम जवळून पाहिले, तर आपल्या ‘दोन दिवसांत’चा पाया डळमळतो. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करताना हातोडीचे ठोके ओळीने, एकाला एक लागून पडतात. त्यामुळे पत्रा कणखर होतो, आणि त्याचा किरकोळ उंचसखलपणाही त्या ठोक्यांच्या नक्षीत मुरून जातो. आरशासारख्या पृष्ठभागाला ही सवलत नाही. घरच्या पितळी समईचा दांडा तसा चकचकीत करायला मी एकदा बसलो होतो. दर खेपेला आधीच्यापेक्षा बारीक पॉलिश पेपर घ्यायचा आणि आधीच्या ओरखड्यांना आडवा घासायचा, म्हणजे जुने किती उरले ते कळते. दुपारभर घासून दांडा खिडकीपाशी नेला, तर गजांचे प्रतिबिंब एका जागी वाकडे झाले होते. बोटाला न लागलेला खळगा प्रकाशाने दाखवला. ब्रांकुशींनी हा पक्षी अनेकदा केला; त्यांपैकी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील १९२८ चा पक्षी १३७ सेंटिमीटर उंच आहे. पायाजवळ बारीक होऊन मग फुगत जाणारा आणि माथ्याशी तिरका कापलेला हा आकार नुसत्या लेथवर निघत नाही. ओतकाम झाल्यावर ब्रांकुशी कानशीने आणि अतिशय बारीक एमरीने (घासण्याच्या कठीण भुकटीने) तो स्वतः पूर्ण करीत. जिथे दडवायला नक्षी नाही तिथे हात आखडता घेता येत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.

चोच आणि पंख एकदम गळालेले नाहीत. १९१० च्या सुमारास त्यांनी रुमानियन लोककथेतील ‘मायास्त्रा’ पक्षी संगमरवरात केला, तेव्हा त्याला मान, छाती, उघडी चोच, सगळे होते. त्यानंतर वर्षानुवर्षे तो एकच विषय त्यांच्या हातात राहिला आणि पक्ष्यापेक्षा त्याची झेप उरत गेली.

एका बाबतीत मात्र आपण मला बरोबर पकडले आहे. ‘साधेपणाचा शोध’ हा शब्दप्रयोग माझा, आणि तो चुकला. साधेपणा हे कलेचे उद्दिष्ट नसते, वस्तूच्या खऱ्या अर्थाजवळ जाताना माणूस नकळत तिथे पोहोचतो, अशी ब्रांकुशींची स्वतःची भूमिका होती. हॉटेलांच्या दर्शनी दालनांत पोलादाची वाकवलेली नळी ठेवून तिला ‘मिनिमल’ म्हणतात, तिथे उद्दिष्टच तेवढे असते, आणि तिथे आपला ‘आळस’ हा शब्द मला शंभर टक्के मान्य आहे.

राहिला दाराचा प्रश्न. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात हे पक्षी एक नव्हे, तीन घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. ते ठेवण्यासाठी ध्यानमंदिर बांधायचे ठरले आणि त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आलेही होते. मंदिर झाले नाही. काळा आणि पांढरा पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले, त्यामुळे ते पाहायचे तर आता कॅनबेराला जावे लागते.

आपला नम्र,
लेखक