संगीत मासिकाचा वाचक टिकतो कशावर? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. दोन ओळींत भागण्यासारखं नाही, म्हणून इथे स्वतंत्र उत्तर देतोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगीतविषयक मासिकं वाचक कसे मिळवतात यावरच्या मागच्या लेखाची निम्मी जागा मुखपृष्ठानेच खाल्ली, हा पहिला आक्षेप. अंकासोबतच्या सीडीला मी 'लाच' म्हटलं, ते पटलं नाही, हा दुसरा. तिसरा सल्ला: नेटवर सगळं फुकट मिळत असताना किंमत लावण्याचा हट्ट सोडा, अंक फुकट वाटा, वाचक आपोआप वाढतील. आणि जाता जाता विचारलंय की जुन्या वर्गणीदारांना सवलत द्यावी का.

पहिला आक्षेप मान्य. मुखपृष्ठाचं काम दोन सेकंदांचं. स्टॉलवर अंक एकमेकांवर चढवलेले असतात. दिसते ती वरची पट्टी, नाहीतर डावी कड. म्हणून मासिकाचं नाव वर, चेहरा मोठा, नजर थेट समोर, ठळक मथळा एकच आणि बाकीची नावं कडेला. यामुळे त्या बँडचा चाहता अंक उचलतो, आपली चार-सहा पानं वाचतो आणि पुढच्या महिन्यात मुखपृष्ठावर दुसरं कुणी दिसलं की ढुंकूनही बघत नाही. हे मागच्या लेखात यायला हवं होतं.

त्याला परत आणतात ती कायमची सदरं. अनुक्रमणिका न बघता वाचक ज्या पानावर जातो, ते पान सांभाळायचं. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' म्हणजे एनएमईने १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ब्रिटनमधली विक्रीवर आधारलेली पहिली सिंगल्सची (एकेका गाण्याच्या रेकॉर्डची) क्रमवारी छापली. पद्धत अगदी साधी होती: रेकॉर्डच्या वीसेक दुकानांना फोन लावायचे, काय जास्त खपलं ते विचारायचं, बेरीज करायची. क्रमांक बारा, पण काही बरोबरीत आल्यामुळे गाणी पंधरा. दर आठवड्याला यादी बदलणार, म्हणजे हातातला अंक आठवड्यात शिळा होणार आणि नवा घ्यावाच लागणार. 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकातल्या ब्लाइंडफोल्ड टेस्टची गंमत वेगळी. नाव न सांगता वादकाला रेकॉर्ड ऐकवतात. कोण वाजवतंय ते त्याने ओळखायचं आणि मतही द्यायचं. नाव झाकलेलं असल्यामुळे भीडमुर्वत गळून पडते. वाचकही मनातल्या मनात स्वतःचा अंदाज लावून बघतो. साचा वर्षानुवर्षं तोच, पाहुणा तेवढा नवा.

वाजवणाऱ्यांसाठीच्या मासिकांत ही पकड सगळ्यात घट्ट असते, म्हणून तिथे जरा थांबतो. गिटारच्या मासिकात टॅब छापतात: सहा तारांच्या सहा आडव्या रेघा आणि त्यांवर पडद्यांचे (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांचे) आकडे. असा अंक वाचून बाजूला पडत नाही, महिनाभर स्टँडवर उघडा असतो. पण चूक झाली तर तीही महिनाभर समोर राहते. चूक लिहिणाऱ्याकडून होते त्यापेक्षा पान लावताना जास्त होते. ७ हा आकडा पाचव्या तारेवरून चौथ्या तारेवर सरकला की ई सुराच्या जागी ए वाजतो, आणि शिकणारा आठवडाभर स्वतःच्याच कानाला दोष देत बसतो. नजरेने प्रूफ तपासून हे सापडत नाही. शेवटचं प्रूफ समोर ठेवून कुणीतरी पहिल्या मात्रेपासून ते वाजवायलाच हवं, आणि वाजवणारा टॅब लिहिणारा नसावा. लिहिणाऱ्याचे हात कागदाकडे न बघताच बरोबर जागी पडतात. पान उलटायची जागा विश्रांतीच्या मात्रेवर आणायची, कारण दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. क्रमशः धडे वाचक बांधून ठेवतात हे खरं, पण तिसरा भाग दुसऱ्यावर पूर्ण अवलंबून असला की मध्येच आलेला नवा वाचक पान उलटतो. प्रत्येक भागात त्याच संध्याकाळी वाजवता येईल असं काहीतरी असलं पाहिजे.

ही पकड सुटूही शकते. 'स्मॅश हिट्स' १९७८ साली निघालं ते गाण्यांचे शब्द छापण्याच्या बळावर. पुढे शब्द नेटवर मिळू लागले आणि ते बळ ओसरलं. २००६ मध्ये मासिक बंद पडलं. कारणं आणखीही होती, पण अंक जपून ठेवण्याचं एक कारण तरी नक्कीच गेलं.

परीक्षणांचंही तेच. १० जुलै २०१५ पासून बऱ्याच देशांत नवे अल्बम एकाच दिवशी, शुक्रवारी येतात. वाचक ते त्याच क्षणी ऐकतो. मासिकाची पानं त्याच्या कितीतरी आधी छापखान्यात गेलेली असतात. तेव्हा 'कसा आहे' हे सांगण्यात अर्थ उरत नाही. कुठलं गाणं आधी ऐकावं, आधीच्या अल्बमपेक्षा काय बदललं, कुणाला आवडणार नाही, हे सांगा. पाच ताऱ्यांपैकी सगळ्यांना तीन-चारच देत बसलात तर ते तारे कोण मोजणार? एक तारा द्यायची हिंमत हवी, आणि परीक्षण छापून येईपर्यंत जाहिरात विभागाला ते दाखवायचं नाही.

आता सीडी. 'लाच' हा शब्द मी मागे घेत नाही, फक्त त्याला अपवाद जोडतो. चार जुन्या गाण्यांची सीडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवली की त्या अंकाची विक्री वाढते, पण पिशवीमुळे अंक चाळता येत नाही आणि आतली सदरं न बघताच वाचक सीडी काढून घेतो. 'बीबीसी म्युझिक मॅगझिन' १९९२ मध्ये सुरू झालं ते पूर्ण रचनांची सीडी घेऊनच. तिथे ती अंकाचाच भाग होती, वाचता वाचता ऐकायची. एनएमईची १९८१ ची 'सी ८१' कॅसेट तर फुकट नव्हतीच. अंकातली कुपनं कापून, सोबत पैसे पाठवून मागवावी लागे. कुपनासाठी अंक घेणं आलंच, आणि कात्री लावेपर्यंत तो चाळलाही जातो.

फुकट वाटण्याच्या सल्ल्याला एनएमईचंच उत्तर पुरे. सप्टेंबर २०१५ मध्ये ते फुकट झालं. पंधरा हजारांच्या आसपास आलेला खप तीन लाखांवरच्या वाटपावर गेला. मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद. छपाईचा खर्च आणि जाहिरातींचा कठीण बाजार, असं कारण प्रकाशकांनी दिलं. फुकट अंक घेणारे वाढले की कागदाचं बिलही वाढतं, आणि ते भरायला जाहिरातदार सोडून कुणी उरत नाही.

राहता राहिली सवलत. समजा १००० वर्गणीदार आहेत आणि वर्षाअखेरीस ६०० जणांनीच वर्गणी पुन्हा भरली. म्हणजे आहे तिथेच राहायला ४०० नवे हवेत, आणि नवा माणूस आणणं जुना टिकवण्यापेक्षा महाग पडतं. तरी बहुतेक ठिकाणी सवलत फक्त नव्यांना असते. जुने हे बघतात, वर्गणी संपू देतात आणि दोन महिन्यांनी 'नवे' होऊन परत येतात. जुन्यांना सवलत दिलीच तर मुदत संपण्याआधी भरणाऱ्यांना द्या. आठवण शेवटच्या अंकासोबत नको, तीन अंक आधीपासून सुरू करा. वेष्टणावर पत्त्याशेजारी 'उरलेले अंक: ३' एवढं छापलं तरी चालतं. पुढच्या महिन्याला तिथे २ दिसतो.