मैदानाला साहित्य मिळते, शिकवणाऱ्याला मानधन मिळत नाही

ग्रामीण भागातील मुलामुलींच्या खेळासाठी आणि कलाशिक्षणासाठी दानशूर व्यक्ती, विश्वस्त संस्था आणि कंपन्या जे अनुदान देतात, त्याबद्दल मला आदर आहे आणि ते वाढावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवल्यानंतर आणि आता गावच्या क्रीडा मंडळाचे कागदपत्र सांभाळताना माझे एक मत पक्के झाले आहे. हा पैसा वस्तूंवर आणि कार्यक्रमांवर जातो. मुलांना रोज शिकवणाऱ्या माणसापर्यंत तो जवळजवळ पोहोचतच नाही. जोपर्यंत हे बदलत नाही, तोपर्यंत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काय किंवा वाशीम-बुलढाण्यातल्या काय, खेड्यांतील मुलांच्या हाती फारसे काही लागणार नाही.

आमच्याकडच्या बहुतेक शाळांत एक लोखंडी कपाट असते. ते उघडले की देणगीचा इतिहास समोर येतो. प्लास्टिकच्या वेष्टणातून न काढलेली व्हॉलीबॉलची जाळी, हवा गेलेले फुटबॉल, देणगीदाराचे नाव छापलेले टी-शर्ट आणि कोपऱ्यात तबल्याची जोडी. तबल्याची पुडी एका पावसाळ्यात फुटलेली असते. ती बदलायची तर तबला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, त्याला पैसे लागतात, आणि दुरुस्तीचा रकाना मंजूर झालेल्या अर्जात कुठेच नव्हता. तबला देणाऱ्याची भावना चांगलीच होती. पण तबला शिकवायला आठवड्यातून दोन दिवस कोण येणार, हा प्रश्न त्या व्यवहारात कोणीही कोणाला विचारला नाही.

आमच्या गावात खो-खो शिकवणारा तरुण एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेला आहे. आज तो स्वतःचे दोन एकर कोरडवाहू शेत सांभाळून दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो. संध्याकाळी परत आला की हातपाय धुऊन तो सरळ मैदानावर येतो, मुलांकडून पाणी मारून घेतो, फक्कीने रेषा आखतो आणि अंधार पडेपर्यंत त्यांना खांबावरून वळण घ्यायला शिकवतो. खांबाजवळ हात कुठे टाकायचा, शरीराचा झोक कुठल्या पावलावर घ्यायचा, हे तो एकेका मुलीला स्वतः करून दाखवतो, आणि तिला जमेपर्यंत पुढच्या मुलीकडे जात नाही. पण सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत त्याला मजुरी सोडता येत नाही. नेमके त्याच दिवसांत शालेय क्रीडा स्पर्धा असतात. मागे एकदा बुटांसाठी अर्ज करावा का, असे मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्याईले बूट नसले तं चालते, मातीवर ते अनवाणीच पयतात. पन मी दोन मयने नाई आलो, तं हे पोट्टे पांगतात."

मला वाटते, अनुदानाचा सगळा विचार त्याच्या या बोलण्यापासून सुरू व्हायला हवा. अशा प्रशिक्षकाला महिन्याला ५००० रुपये मानधन धरले तर वर्षाचे ६०,००० होतात आणि तीन वर्षांचे १,८०,०००. तालुक्याच्या गावी एक दिवसाची चषक स्पर्धा घेतली तर मांडव, ध्वनिक्षेपक, बक्षिसे, टी-शर्ट, पाहुण्यांची व्यवस्था आणि जेवणावळी यांतच मोठी रक्कम संपते. त्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर कोणी नसते.

अनेकांचा असा समज आहे की कंपन्यांच्या सामाजिक निधीचे (सीएसआरचे) नियमच तसे आहेत. प्रत्यक्षात नियम आमच्या बाजूचे आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे अशा खर्चाला मान्य असलेल्या कामांच्या यादीत, शिक्षण आहे, पारंपरिक कला आहे, आणि ग्रामीण खेळांसाठीचे प्रशिक्षणही आहे. एवढेच नव्हे, तर मॅरेथॉन आणि पुरस्कार यांसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. शिवाय एखादे काम कंपनीने 'चालू प्रकल्प' म्हणून घेतले, तर ते ज्या वर्षी सुरू झाले ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येते. म्हणजे प्रशिक्षकाला सलग तीन वर्षे मानधन द्यायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही आमच्या भागात देणग्यांची लगबग दिसते ती मार्चअखेर, जेव्हा शाळेत परीक्षा असतात आणि मैदानावर ऊन तापलेले असते.

अडचण आहे ती दुसऱ्या टोकाला. कंपनीकडून निधी घ्यायचा तर संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते, त्यासाठी संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी प्राप्तिकराची १२-ए आणि ८०-जी ही प्रमाणपत्रे लागतात, आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पारदर्शकतेसाठी हे आवश्यक आहे, यात शंका नाही. पण ज्या गावात लेखापरीक्षकाकडे जायचे तर अख्खा दिवस मोडतो, त्या गावातील मंडळाने हे सगळे कसे जमवायचे? अर्ज इंग्रजीत, सादरीकरण इंग्रजीत, आणि उद्दिष्टे लिहिण्याची एक ठरावीक घडण असते, जी शहरातल्या संस्थांना सरावाने येते. मुलांना खरोखर रोज शिकवणारी माणसे या चाळणीतून पहिल्याच फेरीत गळतात. शिवाय कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदाच सांगतो. त्यामुळे कोळसा, सिमेंट आणि वीज असलेल्या चंद्रपूर-नागपूरकडे निधीची वाट सोपी होते, आणि कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या पश्चिम विदर्भातील तालुक्यांकडे ती फारशी वळतच नाही.

सरकारने हे काम करावे, देणगीदारांकडे का पाहता, असे कोणी म्हणेल. सरकारने करायलाच हवे, आणि ती मागणी मी सोडलेली नाही. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक विद्यार्थी असतील तरच. आमच्या खेड्यातील शाळेत या तीन वर्गांत मिळून कशीबशी साठ मुले. म्हणजे अशा शाळेला चित्रकलेचा किंवा खेळाचा स्वतंत्र शिक्षक मिळण्याची सोय कायद्याच्या आकड्यांतच नाही. गणित शिकवणारे गुरुजीच शिट्टी वाजवतात आणि तेच गुरुजी १५ ऑगस्टचे समूहगीत बसवतात. मी स्वतः वर्षानुवर्षे हे केले आहे आणि मनापासून केले आहे, पण जिला गळा आहे त्या मुलीला सुरांचे शिक्षण द्यायला गाणे शिकलेले माणूसच लागते. धर्मादाय निधीची खरी जागा मला इथे दिसते.

आपल्याच विदर्भात याचे मोठे उदाहरण आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये एक आखाडा म्हणून सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्या प्रसंगाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. परंतु मंडळाचे त्याहून मोठे काम मी वेगळे मानतो. त्यांनी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवले. ते शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले, आणि ज्या मुलांनी अमरावती कधी पाहिली नव्हती, त्यांच्यापर्यंत मल्लखांब आणि खो-खो पोहोचला. इमारती आणि साहित्य तिथेही लागलेच असेल, पण शंभर वर्षांहून अधिक काळ जी परंपरा टिकली ती शिकवणाऱ्यांच्या साखळीमुळे.

मुलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राचीच होती. त्यानंतर आमच्या मैदानावर येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर वेगळाच उत्साह दिसू लागला. पण माध्यमिक शाळा शेजारच्या मोठ्या गावात आहे आणि मुली सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसने येतात-जातात. शाळा सुटली की बस निघते. सरावाला थांबायचे तर घरी जायचे कसे, याचे उत्तर कोणाकडेच नसते. आठवी-नववीत आली की मुलगी मैदानावरून नाहीशी होते, आणि लोक म्हणतात की घरच्यांनी खेळू दिले नाही. काही घरांत तेही खरे आहे. परंतु सराव संपल्यावर मुलींना सोडणाऱ्या ऑटोचे भाडे आणि मैदानावर थांबणारी एखादी ताई, एवढी तजवीज झाली असती तर कितीतरी आईवडिलांनी आनंदाने परवानगी दिली असती. कोणत्याही अनुदानाच्या अर्जात ऑटोचे भाडे हा रकाना मी आजवर पाहिलेला नाही. सरावानंतर मूठभर भिजवलेले हरभरे, गूळ आणि एक अंडे, हाही नाही.

कलेकडे तर दानशूरांचे लक्ष आणखी कमी आहे, आणि जे आहे ते शहरी रंगमंचाकडे अधिक. वास्तविक पूर्व विदर्भात लोक पदरमोड करून कला जगवतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्यांचे मोठे केंद्र. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांना गावोगावचे प्रेक्षक तिकीट काढून येतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. जिथे शेतकरी आणि मजूर नाटकासाठी स्वतःचा पैसा मोजतात, त्या भागातील मुलांना अभिनय, पेटी, तबला किंवा नेपथ्य शिकण्याची नियमित सोय नसावी, याचे मला वाईट वाटते. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्ये करणारे जाणते कलावंत अजून हयात आहेत. त्यांना मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस शाळेत आणले, तर त्यांच्या म्हाताऱ्या वयात सन्मान होईल आणि मुलांच्या अंगात ती कला उतरेल. महोत्सवात एका रात्रीसाठी शाल-श्रीफळ देऊन हे साधत नाही.

मानधन देण्याला देणगीदार का कचरतात, हे मी समजू शकतो. वस्तू मोजता येते, तिचे बिल मिळते, तिचा फोटो अहवालात जातो. मानधनाच्या नावाखाली संस्थाचालकाच्या पुतण्याला पगार सुरू झाल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून देणगीदाराने कडक अटी जरूर घालाव्यात. प्रशिक्षकाचे मानधन थेट त्याच्या बँक खात्यात जावे, मुलांची हजेरी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, आणि देणगीदाराच्या माणसाने पूर्वसूचना न देता कुठल्याही साध्या मंगळवारी संध्याकाळी मैदानावर यावे. स्वागताच्या हारांमधून जे दिसत नाही, ते अशा एका भेटीत दिसेल. यशाचे मोजमापही बदलावे लागेल. पदके किती आली, हे पहिल्या वर्षी विचारू नये. तिसऱ्या वर्षी किती मुले टिकून आहेत आणि त्यांत दहावीच्या मुली किती, हे विचारावे.

आपल्या गावांचीही यात जबाबदारी आहे. आपली मंडळेसुद्धा देणगीदाराकडे आधी व्यासपीठावर शोभणारी गोष्टच मागतात, कारण मांडव आणि चषक गावाला दिसतात, रोजचा सराव दिसत नाही. गाडगे महाराजांनी याच मातीतून लोकांच्या पैशांवर धर्मशाळा उभ्या केल्या; लोकांनी दिले, कारण पैसा कुठे जातो हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. गणपतीला आणि सप्ताहाला आपण न मागता वर्गणी देतो. कापूस विकला गेल्यावर घरटी शंभर रुपये मुलांच्या मैदानासाठी काढणे आपल्या गावांना अशक्य नाही, आणि गावाचा वाटा आधी जमा असेल तर बाहेरचा देणगीदारही अधिक विश्वासाने पुढे येतो.

आमच्या मंडळाने यंदा तयार केलेल्या अर्जात वस्तूंची यादी शेवटच्या पानावर आहे. पहिल्या पानावर खो-खो प्रशिक्षकाचे आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या तबलावादकाचे तीन वर्षांचे मानधन आहे, त्यानंतर मुलींसाठी ऑटोचे भाडे, मुलांचा खाऊ आणि वाद्यांची दुरुस्ती. गावाचा वाटा किती, हेही त्यात लिहिले आहे. आमची नोंदणी नवी असल्यामुळे तालुक्यातील एखाद्या जुन्या, स्वच्छ हिशेबाच्या संस्थेमार्फत हे काम पुढे नेण्याचा आमचा प्रयत्न आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ येथील जे लेखापरीक्षक ग्रामीण मंडळांना १२-ए आणि ८०-जीच्या कामात विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मदत करू शकतील, त्यांनी मला निरोप पाठवावा. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे की गावच्या मुलांसाठी काही द्यायचे मनात असेल, तर एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी द्या, आणि ती निदान तीन वर्षे चालू ठेवा.