जावईबापूंचा सीलकोट

काल संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी माझं बिल नामंजूर केलं. मी कसलंही बिल दिलं नव्हतं, तरी केलं. वहीत तसं लिहिलंय, खाली सही आणि तारीख.

आधी थोडक्यात. आमचं घर न्यू जर्सीत, गॅरेजपासून रस्त्यापर्यंत डांबरी ड्राइव्हवे. उन्हाने डांबर करडं पडतं, भेगा जातात, भेगेत पाणी शिरतं, थंडीत त्याचा बर्फ होऊन फुगतो आणि मार्चमध्ये बघावं तर भेगेची घळ झालेली. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी वरून काळा लेप द्यायचा, त्याला सीलकोटिंग म्हणतात. माणसं बोलावली तर साडेचारशे डॉलर सांगतात. त्यात आमच्या वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं की आपला ड्राइव्हवे फिकट पडल्याचं निदर्शनास आलं आहे, 30 दिवसांत योग्य ती कार्यवाही करावी. माझे केस फिकट पडलेत ते कुणाच्या निदर्शनास येत नाही.

मग नेहमीप्रमाणे दारात एक ट्रकवालाही उगवला. मागच्या गल्लीत काम केलं, माल उरलाय, आज करून घ्या, अर्ध्या किमतीत. हा इथला जुनाच डांबरट धंदा आहे, डब्यात सीलर कमी आणि पाणी जास्त, एका पावसात सगळं गटारात. मी नाही म्हणायच्या आत मागून सासऱ्यांचा आवाज आला, "माल उरतोच कसा? एस्टिमेट कुणी केलं होतं?" मराठीतच विचारलं, पण असा काही सूर होता की तो बिचारा ट्रक घेऊन निघून गेला.

माझे सासरे उपअभियंता म्हणून रिटायर झालेत. आयुष्यभर तालुक्यातले रस्ते केले. सहा महिन्यांसाठी आलेत, चार झाले, दोन राहिलेत. मी मोजत नाहीये.

"आपणच करू की सीलकोट," ते म्हणाले. मी चाट पडलो, हा शब्द यांना कसा माहीत? तर आपल्याकडे रस्त्याच्या टेंडरमध्ये कार्पेट, म्हणजे खडी-डांबराचा थर, आणि त्यावर सीलकोट असतोच म्हणे. इथेच मला सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी जय्यत तयारीत. भेगा साफ करून, त्यात रबराचा फिलर भरून दोन दिवस झालेले, गाडीच्या ऑइलचे डाग घासून झालेले, कडेचं गवत कापलेलं, गॅरेजपुढच्या काँक्रीटला टेप लावलेली, 24 तास पाऊस नाही अशी खात्री केलेली. पाच-पाच गॅलनचे चार डबे रात्रभर उलटे ठेवले होते.

"हे उलटे का?"

"तळाला गाळ बसतो ना बाबा, तो सुटावा म्हणून."

"हं." अख्ख्या कामातलं मला मिळालेलं एकमेव कौतुक ते हे.

मी झाकण उघडलं. बाबांनी आत बोट बुडवलं, वास घेतला, बोटावर बोट चोळून बघितलं.

"हे काय आहे?"

"सीलर."

"डांबर कुठंय?"

"त्यातच आहे. इमल्शन आहे, पाण्यातलं."

"म्हणजे थंड?" लग्नाच्या पंगतीत गार वरण वाढल्यावर विचारतात ना, तसं विचारलं.

"हो, असंच ओतायचं."

"तापवायचं नाही?"

"नाही."

"वरून खडी?"

"बारीक वाळू असते आतच."

"रोलर?"

मी हातातला दांडा दाखवला. एका बाजूला ब्रश, एका बाजूला रबर, फरशीवरचं पाणी ओढायला आपल्याकडे वायपर असतो तसला. बाबांनी दांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गॅरेजमधली प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"जावईबापू, राग मानू नका, पण हा रंग आहे. भिंतीला देतात, तुम्ही जमिनीला देताय, एवढंच."

सासऱ्याने जावयाला अहो-जाहो करत झापावं हा प्रकार ज्याने शोधला त्याला कोपरापासून नमस्कार. अरेतुरेत झापलं तर निदान भांडता येतं, "राग मानू नका" पुढे काय बोलणार?

मी ओढायला सुरुवात केली. पाच फूट गेलो नाही तोच मागून, "थांबा." गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यात मगरीच्या पाठीसारख्या खवल्या-खवल्यांच्या भेगा आहेत, तिथे बाबा उकिडवे बसले. "ह्या वरच्या भेगा नव्हेत, खालचा बेस गेलाय. हे खोदून खालपासून करावं लागेल. हाड मोडल्यावर पावडर लावून चालतं का?" खरं सांगायचं तर ते शंभर टक्के बरोबर होते, सीलकोटने असली जागा दुरुस्त होत नाही, नुसती झाकली जाते. पण खोदायचे पैसे कुठून आणू? मी ऐकलं न ऐकलं केलं आणि त्या मगरीला काळं फासून पुढे निघालो.

वासाचं एक सांगायचं राहिलं. डब्यावर ठळक लिहिलेलं, यात कोलटार नाही. पूर्वी इथे दगडी कोळशाच्या डांबराचा सीलर सर्रास असायचा, त्यातली विषारी द्रव्यं पावसाबरोबर ओढ्या-नाल्यांत जातात म्हणून ऑस्टिन शहराने 2006 मध्ये त्याच्यावर बंदी आणली, वॉशिंग्टन राज्याने 2011 मध्ये. हे मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या आईच्या ट्रंकेत डांबरगोळ्या असायच्या. त्याही कोळशाच्याच. ब्याण्णव वर्षं जगली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाच उलट माझ्या आजीच्या पैठणीचा वास आठवला आणि दोन मिनिटं हात थांबला, ते बाबांनी बघितलं, घड्याळही बघितलं.

दुपारी एकला चौथा डबा संपला. पहिला हात पूर्ण, दुसरा हात अर्ध्यापर्यंत. म्हणजे आता ड्राइव्हवेच्या मधोमध एक सरळ रेघ, अलीकडे गडद, पलीकडे जरा कमी गडद. लांबून कळत नाही. लांबून म्हणजे पुढच्या चौकातून.

कंबर धरून उभा होतो तेवढ्यात समोरचा शेजारी कॉफीचा मग घेऊन आला. हाही रिटायर्ड, याचा ड्राइव्हवे म्हणजे आरसा, त्यावर पान पडलं तरी ब्लोअर घेऊन धावतो. "लुकिंग गुड!" तो मला म्हणाला. मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं, तर खुर्चीतून सासरे: "नॉट ॲज पर स्पेसिफिकेशन."

चार महिने हा माणूस दुकानात इंग्रजी बोलायला लाजतो, मलाच पुढे करतो. आणि आता अस्खलित. "ओन्ली पेंट. बेस इज गॉन. सेकंड कोट हाफ." वर हात फिरवून ती रेघ दाखवली. शेजारी वाकून बघायला लागला आणि हसला, मग बाबा हसले, मग दोघं मिळून हसले. माझ्या दारात, माझ्या जमिनीवर, जिच्या हप्त्याची अजून एकवीस वर्षं बाकी आहेत. रस्त्यापलीकडून त्याची बायकोही आली. तोंडाला काळं फासायची धिंड निघते ना, त्यात आणि यात फरक एवढाच की काळं मी स्वतःच लावून घेतलं होतं. नाकावर होतं, नंतर आरशात दिसलं.

संध्याकाळी वही निघाली. बाबांनी टेपने मापं घेतली होती, 50 बाय 18, म्हणजे 900 चौरस फूट, त्याचे केले 83.6 चौरस मीटर. चार डबे म्हणजे 76 लिटर. "चौरस मीटरला लिटरभरसुद्धा पडलं नाही, जावईबापू." वर रकाने आखलेले, तपशील, लांबी, रुंदी, परिमाण, शेरा. शेऱ्यात लिहिलंय, काम असमाधानकारक, देयक नामंजूर. बायकोने ते पान फोटो काढून तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं. एकोणीस अंगठे आले.

मी रात्री चिडून म्हटलंसुद्धा, ग्रीन कार्डच्या रांगेत माझी तारीख 2015 ची आहे, अजून नंबर नाही, उद्या नोकरी गेली तर दोन महिन्यांत गाशा गुंडाळून हे सगळं सोडून जावं लागेल, आणि मी इथे दुसऱ्याच्या देशातली जमीन काळी करत बसलोय, ती पण धड काळी झाली नाही. बायको म्हणाली, "अरे, बाबा गंमत करतायत." गंमत करणारा माणूस 83.6 लिहीत नाही.

आज सकाळी उठून खिडकीतून बघतो तर गाडी न्यायला अजून अर्धा दिवस बाकी, मी लावलेली दोरी जागच्या जागी, आणि ओल्या कडेवरून कुठल्याशा खारीच्या पावलांची नक्षी थेट गॅरेजपर्यंत. आणि बाबा कुठायत? समोरच्या अंगणात. शेजाऱ्याने त्यांना कॉफी दिलीये, खुर्ची दिलीये, वही उघडी आहे. त्याच्या ड्राइव्हवेची मापं घेणं चाललंय.

आत्ताच बायको सांगून गेली, टेपचं दुसरं टोक धरायला मला बोलावलंय.