पुढच्या जन्मी अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी

या जन्मी व्हिसाची मुलाखत फसली म्हणून पुढचा जन्म थेट अमेरिकेतच घ्यायचं ठरवलंय? उत्तम. फक्त वर्णाचा रकाना जपून भरा. तिथल्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत, रांगेत मधोमध असलेल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर भरली, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००.

तरीही कृष्णवर्णीय घरातच जन्म आला, तर आजोबा पारखून घ्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांना सरकारी हमीवर कर्ज मिळत होतं. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांत अशी ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? २. त्या दोघांपैकी एकाच्या घरी नंबर लावा.

नाही लागला, तर कॉलेजसाठी कर्ज काढा. अंथरूण पाहून पाय पसरा, असं कुणीतरी सांगेलच. अंथरूण कुणी पळवलं, हे मात्र विचारायचं नाही. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात, पदवी घेताना कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांपेक्षा सरासरी ७,४०० डॉलर जास्त कर्ज होतं. चार वर्षांनी हा फरक २५,००० च्या घरात गेला. जवळपास निम्म्या कृष्णवर्णीयांची थकबाकी तर मूळ कर्जापेक्षाही जास्त झाली होती. शिक्षणाने माणूस वाढतो म्हणतात. निदान आकडा तरी वाढतो.

माफीची आशा धरू नका. २०२२ साली बायडन यांनी १०,००० डॉलर, आणि गरीब घरच्या, म्हणजे पेल ग्रँट ही सरकारी मदत मिळालेल्यांना २०,००० पर्यंत माफ करायचं जाहीर केलं. एवढ्याने वरची दरी बुजली नसतीच, पण अंदाजे ४०० अब्जांचा खर्च ऐकूनच अनेकांना 'घेतलेलं फेडावं' हा संस्कार आठवला. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी योजना मोडीत काढली. करोनात धंद्यांना सुमारे ८०० अब्जांचं सरकारी कर्ज दिलं आणि त्यातलं बहुतेक माफही केलं, तेव्हा हा संस्कार बहुधा सुट्टीवर होता. माफी मिळालेल्यांत काही खासदारही होते, आणि त्यांतले काही पुढे विद्यार्थ्यांना स्वावलंबन शिकवत होते.

म्हणजे शिकू नका, कंपनी काढा. शिकायचंच असेल, तर कृष्णवर्णीयांच्या मोरहाऊस कॉलेजातून २०१९ साली पदवी घ्या. त्या समारंभात अब्जाधीश रॉबर्ट स्मिथ यांनी अख्ख्या वर्गाचं कर्ज फेडायचं जाहीर केलं. २०१८ ला पास झालेल्यांना मात्र घाई नडली.